उघाडीवरची पावलं

आमच्या खाडीकाठच्या गावाबद्दल अजून सांगतात, की एका श्रावणात देवानं स्वतः येऊन उघाडी लावली आणि सगळ्या गावाचं भात खाऱ्या पाण्यापासून वाचवलं. ज्या भक्तासाठी देव एवढा धावला असं म्हणतात, तो भक्त मी. ही गोष्ट खाडीपार गेली. पुढच्या वर्षी मी जे कबूल केलं, ते मात्र तितकं लांब पोहोचलं नाही. म्हणून परगावचा एखादा म्हातारा अजूनही मला वाटेत गाठून वाकून नमस्कार करतो, आणि त्या वेळी मला तोंड कुठं लपवावं ते कळत नाही. देव आला होता का, असं कुणी सरळ विचारलं तर मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायचा मला अधिकार नाही. झालं ते सगळं एकदा कागदावर उतरवावं, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

रेवदंड्याहून खाडीनं आत आलं की दोन्ही काठांना खारी जमीन लागते. आमच्या पूर्वजांनी चिखलाचा बांध घालून ती खाडीकडून काढून घेतली, आणि खाडी ती रोज दोनदा परत मागायला येते. बांधाच्या पोटात एके ठिकाणी दगडी चौकट आहे आणि तिला लाकडाची जाड झडप आहे. ती उघाडी. पावसाळ्यात ओहोटीला झडप वर उचलून खुंटीवर अडकवायची, म्हणजे शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत उतरतं. भरती चढायच्या आत खुंटी काढून झडप खाली सोडायची. काम एवढंच; पण ते चुकलं तर खारं पाणी भातात शिरतं, त्या सालचं पीक जातंच, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत काही धड उगवत नाही. म्हणून उघाडीची पाळी घरोघर फिरते, पंधरा-पंधरा दिवसांची. त्या वर्षी श्रावणाच्या वद्य पंधरवड्याची पाळी आमच्या घराची होती.

त्याच दिवसांत आमच्या मारुतीच्या देवळात नामसप्ताह असतो. नवमीला वीणा उभी राहते आणि अमावास्येला दुपारी काला झाल्यावरच खाली ठेवतात. मधले सात दिवस ती जमिनीला लागू द्यायची नाही. दोन-दोन तासांचा पहारा असतो, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि दुसरा अंघोळ करून आल्याशिवाय पहिल्यानं जागा सोडायची नाही. मला गळा बरा होता आणि त्याचा ताठाही होता. अमावास्येचा सकाळी आठ ते दहाचा पहारा मी मागून घेतला, कारण शेवटच्या दिवशी ऐकायला माणसं जास्त असतात. हे मला तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

ती अमावास्या पिठोरीची. आमच्याकडे त्या संध्याकाळी लेकुरवाळी बाई पूजा करते, खीरपुरीचं वाण डोक्यावरून मागं धरते आणि मागं न बघता विचारते, "अतीत कोण?" म्हणजे अतिथी कोण. मागं बसलेलं मूल "मी" म्हणतं आणि वाण घेतं. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्या संध्याकाळी माझी बायको शेजारणींकडे पुऱ्या लाटायला जाई, आणि विचारायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून चुलीकडे सरके. त्या श्रावणात तिला सातवा महिना होता. "पुढल्या साली मी पन इचारीन," असं ती मला एकदा भात लावताना म्हणाली होती. ती फार बोलणारी नव्हती, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

रात्रभर पाऊस पडला होता. अमावास्येला पहाटे ओहोटी होती, तेव्हा मी उघाडी उघडून आलो, अंघोळ केली आणि आठाला वीणा गळ्यात घेतली. हिशेब साधा होता. दहाला हिराजीबुवा येणार, मी वीणा देऊन बांधावर जाणार, आणि अकराच्या आत झडप खाली सोडणार. अमावास्येची भरती दुपारी बाराच्या सुमाराला पुरी भरते आणि तिला उधाण असतं. हिराजीबुवा म्हणजे आमच्या भजनाचे पुढारी, चुलत्याच्या वयाचे, आणि वेळेला अगदी पक्के.

मुंबईला गिरणीत असलेल्या एकानं देवळाला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. त्यात दहा वाजले, सव्वादहा झाले, तरी बुवा आले नाहीत. बाहेर धो धो पाऊस. गडीमाणसं शेतात, बाया काल्याच्या स्वयंपाकात. देवळात मी आणि टाळ धरून बसलेला पोशाआजा, जो बहिरा होता आणि ज्याचे हात कापत. साडेदहाला माझी बायको देवळाच्या पायरीशी आली. डोक्यावर इरलं, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तिनं आत पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि हात वर करून खाडीच्या दिशेला खूण केली. मी ती पाहिली. पाहिली, आणि डोळे मिटून आवाज चढवला.

त्या क्षणी मी मनात काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. देवा, तुझी वीणा माझ्या गळ्यात आहे, माझी उघाडी तू बघ. हे वाक्य मला फार सुंदर वाटलं. शरण जाणं म्हणतात ते हेच, असं वाटून डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. खरं म्हणजे पोशाआजाला खुणेनं उठवून बुवांच्या घरी पाठवता आलं असतं. घर हाकेच्या अंतरावर होतं. पण मग माझी निष्ठा ती काय दिसली असती? डोळे उघडले तेव्हा पायरी रिकामी होती. ती घरी गेली असेल असं मी स्वतःला सांगितलं.

अकरा वाजून गेल्यावर हिराजीबुवा आले. त्यांना पहाटे हीव भरून ताप आला होता आणि झोप लागली होती. त्यांचे डोळे लाल होते, आणि ते ओशाळून रडायच्या बेताला आले होते. मी वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि ओरडत बांधाकडे पळालो. शेतातले लोक माझ्यामागून धावले. बांधावर पोहोचलो तर झडप खाली. बाहेरच्या अंगाला उधाणाचं पाणी छातीएवढं चढलेलं, आणि आत भात जसंच्या तसं उभं. प्रत्येकजण दुसऱ्याला विचारू लागला, "तू लावलीस?" कुणीच लावली नव्हती.

चौकटीच्या आडोशाला, जिथं पाऊस पोहोचत नव्हता, गाळात दोन पावलं उमटली होती. बारीक, नाजूक. "ही आपल्यातल्या कुना गड्याची न्हायत," कुणीतरी म्हणालं. मग एकानं हात जोडले, आणि बघता बघता सगळेच चिखलात गुडघ्यांवर बसले. मी वाकून पाहिलं. डाव्या पावलाची करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी होती. माझ्या बायकोची करंगळी लहानपणी जात्याखाली सापडून तशी वाकडी झाली होती. पावलाच्या शेजारीच हिरव्या बांगडीचा एक तुकडा पडला होता. कुणी तो पाहायच्या आत मी त्यावर पाय ठेवला आणि तुकडा गाळात दाबला. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यांत वाईट काम कुठलं, तर ते हे. त्याला पळभरही वेळ लागला नाही.

घरी आलो तेव्हा सुईण आत होती. "अंगनात घसरली," ओसरीवरच्या बाया म्हणाल्या. तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली. ती रडली नाही. त्याच वेळी काला आटोपून भजनाची मंडळी टाळ वाजवत माझ्या दारात आली. पुढं हिराजीबुवा होते, तापानं फणफणलेले. त्यांनी माझे पाय धरले. "मी चुकलो, म्हनून माज्या देवाला चिखलात उतरावं लागलं," असं म्हणून ते ओक्साबोक्शी रडले. आतली बातमी कळल्यावर टाळ थांबले; पण तोवर माझ्या कपाळाला गुलाल लागला होता. तो तसाच घेऊन मी आत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझी चाहूल लागल्यावर तिनं विचारलं, "शेतं वाचली ना?" मी हो म्हणालो. "मंग झालं," ती म्हणाली.

बाकीचं तिनं चार-पाच दिवसांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. लाकूड पावसानं फुगलं होतं. खुंटी काढली तरी झडप खाचेत अडकून बसली, तेव्हा ती खाली पाण्यात उतरली आणि वरच्या दगडाला धरून झडपेवर पाय देऊन तिनं ती दाबली. झडप एकदम सुटली आणि ती पोटावर चौकटीच्या दगडावर आदळली. पाणी चढत होतं. बांधावरून एक कोळीण चालली होती, म्हातारी, अनोळखी. तिनं हिला बगलेत धरून वर ओढलं, परसदारापर्यंत आणून सोडलं, आणि तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, चुकेल म्हणून लगबगीनं निघून गेली. नाव-गाव काही विचारायचं राहिलं.

"सांगितलं का न्हाईस कुनाला?" मी विचारलं. ती म्हणाली, "पोटुशी बाई अवसेच्या दिशी खाडीत उतरली, म्हनून माजंच चुकलं म्हनतील. आनि तुमचं नाव निघालंय तं निघू द्या." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता.

तिला गाडीत घालून अलिबागला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासून मला बाहेर बोलावलं आणि हिला आता मूल व्हायचं नाही असं सांगितलं. त्यानंतरचं वर्ष कसं गेलं हे सांगणं कठीण आहे. लोकांनी उघाडीवर त्या पावलांच्या जागी दगड मांडून शेंदूर लावला. माणसं बायकापोरांना घेऊन माझ्या पाया पडायला येत. ती आतून पाण्याचा तांब्या आणून देई आणि भिंतीला धरत परत जाई. तिला पाटीभर शेणही उचलवेनासं झालं होतं. मी रोज पहाटे देवापुढं बसे, आणि नाव तोंडात यायच्या आधी भांडण यायचं. तू यायला हवा होतास. तू आला असतास तर तिला जावं लागलं नसतं. भक्तांच्या घरी दळण दळलंस, पाणी भरलंस अशा गोष्टी तुझ्या सांगतात, मग एवढी एक झडप तुला जड झाली? देव काही बोलत नसे, हे एक. आणि दुसरं म्हणजे माझ्या या भांडणात मी कुठं होतो, हे मी कधी विचारातच घेत नसे. ज्या दिवशी मी माझा दोष देवाच्या पदरात घातला, त्या दिवसापासून माझी प्रार्थना म्हणजे नुसती फिर्याद झाली होती.

पुढचा श्रावण आला. सप्ताहाच्या बैठकीत हिराजीबुवा उठून म्हणाले, "यंदा अवसेला उघाडी कुनी लावायची न्हाय. वीणा याच्या गळ्यात द्यायची. देव येतो का न्हाय ते सगळ्यांनी बघायचं." दोन-चार जुनी माणसं कुरकुरली. शेतं काय खेळ आहे का, असं पाटील स्पष्ट म्हणाले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका शब्दानं सगळं मिटलं असतं. मी खाली बघत म्हणालो, "देवाची इच्छा." लोकांना ती नम्रता वाटली.

घरी आल्यावर तिला सांगावं लागलं नाही, गावभर झालंच होतं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाराच्या मागनं वाट हाय. बाया पूजेच्या तयारीत असतील. मी जाऊन येईन." मी तिच्या मनगटांकडे पाहिलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकतील इतके ते हात वाळले होते. ती पाण्यात उतरली तर वर येणार नाही हे मला दिसत होतं, आणि तिलाही दिसत असणार. मी नको म्हणालो नाही. सकाळी अंघोळ करून देवळात गेलो आणि आठाला वीणा गळ्यात घेतली.

त्या दिवशी देऊळ भरलं होतं. खाडीपलीकडच्या गावांतूनसुद्धा माणसं आली होती. पाऊस भुरभुरत होता. पहाटे पाच-सहा जणांनी मिळून उघाडी उघडली होती आणि येताना शेंदराच्या दगडावर फुलं वाहिली होती. मी वीणेच्या तारेवरून बोट फिरवत होतो आणि तोंडानं नाव घेत होतो, पण माझं सगळं लक्ष बायकांच्या बाजूला, खांबाशी बसलेल्या तिच्याकडे होतं. पिठोरीचा उपास म्हणून तीही सकाळीच न्हाली होती. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. मला वाटत होतं, हे घड्याळ बंद पडलं तर बरं.

तेवढ्यात बाहेरून एक मोठा, चिरका आवाज आला. "आरं, तुमची उघाडी सताड उघडी हाय, पानी चढतंय, आनि तुमी हतं टाळ कुटीत बसलाव?" दारात एक म्हातारी कोळीण उभी होती, काष्टा मारलेली, डोक्यावर गाठोडं. कुणी काही बोलायच्या आत तिनं बायांकडे तोंड वळवलं. "आनि गेल्या साली याच दिशी एक पोटुशी बाय मी त्या उघाडीतनं वर काढली. झडप तिनंच लावली व्हती. तुमच्यातलीच ती. जगली का?"

हिराजीबुवा पुढं आले. "कोन बाई? काय बोलतेस हे?" अजूनही मला पळवाट होती. ही म्हातारी दुसऱ्या कुठल्या गावाचं सांगत असेल, असं मी म्हटलं असतं तर लोकांनी माझंच ऐकलं असतं. मी तसं म्हणणारही होतो, हे इथं लपवत नाही. पण त्याच वेळी माझी बायको खांबाला धरून उठली. सगळ्यांचे डोळे म्हातारीकडे आहेत, हीच संधी, असं तिला वाटलं असावं. ती कडेकडेनं बाजूच्या दाराकडे निघाली. देवळातली फरशी लोकांच्या भिजल्या अंगांनी ओली झाली होती, आणि त्या दाराच्या आतल्या कोरड्या पायरीवर तिनं पाय ठेवला तसा तिथं ठसा उमटला. करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी.

मी नाव घ्यायचं थांबलो. सप्ताहात असं थांबत नाहीत. "द्वारकी," मी म्हणालो. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, मी ते घरातही कधी घेतलं नव्हतं. ती पाठमोरी थबकली. मग मी लोकांना सांगितलं. उघाडी हिनं लावली. ती मला सांगायला आली होती, मी डोळे मिटले. पावलं हिची आहेत, हिची करंगळी बघा. हिची बांगडी मी पायानं गाळात दाबली. आमची मुलगी अंगणात गेली नाही, त्या चौकटीवर गेली. आज हीच पुन्हा चालली आहे, आणि मी तिला जाऊ देत होतो. एवढं बोलायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. माझे दोन्ही हात वीणेवर होते, त्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

कुणी हललं नाही. दहा वाजून गेले होते. मी वीणा थोडी पुढं केली, पण हिराजीबुवा खाली बसून गेले होते आणि बाकीच्यांनी माना वळवल्या. माझ्या हातची वीणा त्या घडीला कुणाला नको होती. मी ती खाली ठेवू शकत नव्हतो आणि घेऊन जाऊही शकत नव्हतो, आणि खाडी चढत होती. तेव्हा द्वारकी दारातून परत फिरली. सगळ्या गड्यांच्या मधून सरळ माझ्यापर्यंत आली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. "द्या हकडं," ती म्हणाली. "मी हाय हतं. तुमी जा, झडप लावा."

बाईनं वीणा घ्यायची आमच्या गावात तोवर चाल नव्हती. ती तिच्या गळ्यात घालताना माझ्या मनात तो विचार आला नाही, आणि अडवायला कुणी उठलंही नाही. मी पळत सुटलो. मागून पाटील आले, आणखी सात-आठ जण आले. गेल्या सालासारखं आत पावसाचं पाणी तुंबलेलं नव्हतं, म्हणून उघाडीच्या तोंडातून खारं पाणी एव्हानाच आत लोटत होतं. खुंटी काढली तरी झडप अडकलेलीच होती. मी खाली उतरलो, वरच्या दगडाला धरलं आणि पाय दिला. हलेना. माझ्या शेजारी पाटील उतरले, दोघांनी मिळून दाबली तेव्हा ती सुटली आणि मी छातीवर त्याच दगडावर आपटलो. एका बाईनं, सातव्या महिन्यात, एकटीनं हे केलं होतं. पाण्यात उभा राहून मी मोठमोठ्यानं रडलो, आणि पाटलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या वर्षी उघाडीलगतची तीन शेतं खारली. एक माझं होतं, बाकीची दोन दुसऱ्यांची, आणि त्या दोघांनी पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

परत आलो तेव्हा ती उभीच होती. काला होईपर्यंत तिनं कुणाला वीणा दिली नाही. आवाज बारीक होता, मधूनच तुटत होता, पण नाव थांबलं नाही. हिराजीबुवा तिच्या शेजारी टाळ धरून बसले होते, मान खाली घालून.

म्हातारीची होडी आता रात्रीच्या भरतीशिवाय सुटणार नव्हती, म्हणून ती आमच्याच ओसरीवर टेकली. बोलता बोलता कळलं, की ती रेवदंड्याची. तिचा एकुलता लेक होडीसकट दर्यानं नेला होता. "पिठोरीला मी घरी बसत न्हाय, बाय," ती म्हणाली. "इचारलं तं जाब कोन देल? म्हनून त्या दिशी भैनीकडं चालत सुटते." म्हणूनच दोन्ही वर्षी त्याच दिवशी, त्याच बांधावरून ती आली होती. देवानं पाठवली म्हणा, लेकाच्या दुःखानं पाठवली म्हणा. मला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

दिवेलागणीला द्वारकीनं पाट मांडला. मी दारात उभा होतो. तिनं खीर केली, पुऱ्या तळल्या, आणि लेकुरवाळी बाई बसते तशी देवापुढं बसली. तिला थांबवावं असं मला वाटलं. तिनं वाण डोक्यावरून मागं धरलं आणि मागं न बघता विचारलं, "अतीत कोन?" घरात आवाज नव्हता. तरी तिनं हात खाली घेतले नाहीत. मग ओसरीवरून म्हातारी उठली, उंबऱ्याच्या आत आली, तिच्या मागं मांडी घालून बसली आणि वाणाला हात लावून म्हणाली, "मी हाय." दोघी कितीतरी वेळ तशाच बसल्या होत्या. रडत होत्या की काय, ते मी पाहिलं नाही. मी अंगणात गेलो.

पुढं म्हातारी जिवंत होती तोवर दर पिठोरीला आमच्याकडेच येत असे. द्वारकी आणखी सात वर्षं होती. ती गेली तेव्हा मी उशाशी होतो, आणि माझे डोळे उघडे होते. एवढं मात्र मी नंतर पाळलं. देवाशी माझं भांडण कधी मिटलं ते मला सांगता येणार नाही. माझी मुलगी त्यानं का नेली याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि मी आता मागतही नाही. मी त्याला माझी उघाडी बघ म्हणालो होतो, आणि त्याच क्षणी माझ्यासमोर भिजलेली एक बाई उभी होती. मी डोळे मिटले नसते, तर त्यानं आधीच उत्तर दिलं आहे हे मला दिसलं असतं. कष्ट दुसऱ्याच्या अंगावर टाकून मी ज्याला शरण जाणं म्हणत होतो, त्याची आज लाज वाटते. तरी त्या दोघींच्या रूपानं त्यानं मला दोनदा हाक मारली. माझ्यासारख्याला एकदाही हाक मारायची गरज नव्हती. हे त्याचे उपकार.

वीणा आता गावात बायाही घेतात, मी घेत नाही. उघाडीची श्रावणातली पाळी मी कायमची मागून घेतली आहे. शेंदराचा दगड लोकांनी हलवला नाही, आणि मीही हलवू दिला नाही. फक्त तिथं कोणाची पावलं होती ते विचारणाऱ्याला सांगतो. उद्या पिठोरी. पहाटे ओहोटीला उघडून येईन आणि दहाच्या आत पुन्हा बांधावर असेन. झडप खाली बसली, बाहेर पाणी चढू लागलं, की मी थोडा वेळ तिथंच थांबतो. घरी विचारणारं आता कुणी नाही. तरी त्या पावलांच्या जागेकडे तोंड करून मी हळूच म्हणतो, मी हाय.